नाव कितीजणांनी घेतले?

आपल्या वस्त्यांतून आता पीएच.डी. करणारी मुले-मुली निघू लागली आहेत. बाप गिरणीत नाहीतर महापालिकेच्या सफाई खात्यात राबलेला, आईने चार घरची धुणीभांडी करून वह्या-पुस्तके पुरवलेली, आणि लेक विद्यापीठात संशोधन करते आहे, अशी घरे आता बोटावर मोजण्याइतकी राहिली नाहीत. मात्र या घरांत एक नवीनच अडचण आम्हाला दिसते. लेक संध्याकाळी घरी येते ती उतरलेल्या चेहऱ्याने. काय झाले म्हणून विचारावे तर तिच्या तोंडी सायटेशन, एच-इंडेक्स, को-ऑथर असले शब्द. आईला ते समजत नाहीत, बाप विचारायला संकोचतो, आणि लेकीला वाटते, यांना सांगून काय उपयोग? एका वाचक भगिनीने तर आम्हाला सरळच विचारले, "मुलगा म्हणतो, माझा एच-इंडेक्स दोनच आहे. म्हणजे नापास झाला का हो?"

नाही ताई, नापास झाला नाही. पण हे 'दोन' म्हणजे काय, ते कोण मोजते आणि त्या आकड्यापायी नोकरी-बढतीच्या गोष्टी कशा अडतात, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेले बरे. म्हणून या वेळी तोच विषय घेतला आहे.

संशोधकाने काही नवे शोधले, की तो ते एका लेखात लिहून काढतो. त्याला तिकडे पेपर म्हणतात. हा पेपर त्या त्या विषयाच्या नियतकालिकात, म्हणजे जर्नलमध्ये छापून येतो. छापण्याआधी त्या विषयातले दोन-तीन जाणकार तो वाचतात, चुका काढतात. पुढे दुसऱ्या कोणी त्याच विषयावर काम केले आणि पहिल्याच्या कामाचा आधार घेतला, तर आपल्या लेखात पहिल्याचे नाव, लेखाचे नाव आणि साल द्यायचे, असा दंडक आहे. चांगला गवंडी नाही का सांगत, "ही कमान बांधायची रीत मी अमक्या मिस्त्रींकडून उचलली"? तसेच हे. या नाव घेण्याला सायटेशन म्हणतात. आपण त्याला साध्या भाषेत उल्लेख म्हणू. ज्याच्या पेपरचे उल्लेख जास्त, त्याचे काम जास्त लोकांच्या उपयोगी पडले, असा यामागचा हिशेब आहे.

गंमत अशी, की हे मोजण्याची कल्पना आली वकिलांच्या धंद्यातून. अमेरिकेत १८७३ साली फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने एक सोय काढली. जुन्या खटल्याच्या एखाद्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, याची यादी करून तो विकायचा. आपण ज्या निकालाचा दाखला देणार तो अजून उभा आहे, की पुढच्या कोर्टाने मोडीत काढला आहे, हे वकिलाला कोर्टात तोंड उघडण्याआधी कळायला हवे. शेपर्डच्या यादीत तशी खूण असे. यूजीन गारफील्ड या न्यूयॉर्कच्या तरुणाला वाटले, असेच काही विज्ञानासाठी का करू नये? १९५५ साली 'सायन्स' या नामांकित साप्ताहिकात त्याने तसा लेख लिहिला. सुरुवातीचे त्याचे ऑफिस होते न्यू जर्सीतल्या एका जुन्या कोंबडीखान्यात! पुढे १९६० मध्ये फिलाडेल्फियात संस्था निघाली आणि १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही भली मोठी सूची बाहेर पडू लागली. एका लेखाचा धागा धरून पुढचे लेख सापडावेत, हा तिचा मूळ उपयोग होता. पण एकदा मोजता येते म्हटल्यावर लोक माणसेही मोजू लागले. आणि शेपर्डच्या यादीतली ती 'मोडीत निघाला' ही खूण मात्र या मोजणीत वाटेतच कुठेतरी गळून पडली. ती लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

आता त्या 'दोन'कडे वळू. जॉर्ज हिर्श हे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी २००५ साली हा एच-इंडेक्स काढला. कागद-पेन्सिल घ्या, पाचवीतल्या पोरालाही जमेल. समजा मुलाचे चार पेपर आहेत. पहिल्याचे ९ उल्लेख, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचा १ आणि चौथ्याचा एकही नाही. मोठ्याकडून लहानाकडे असे ओळीने मांडायचे. किमान दोन उल्लेख असलेले किमान दोन पेपर आहेत का? आहेत. किमान तीन उल्लेख असलेले तीन पेपर आहेत का? नाहीत. मग एच-इंडेक्स झाला दोन. संपले गणित. दहा पेपर असे, की प्रत्येकाचे निदान दहा उल्लेख, तर दहा. आणि एखाद्याने आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि त्याचे हजार उल्लेख झाले, तर त्याचा एच-इंडेक्स किती? एक!

म्हणजे हा आकडा वयाबरोबर चढतो. तो कधी खाली येत नाही. पेपर छापायला वर्ष-दीड वर्ष जाते, तो कोणी वाचून आपल्या लेखात त्याचा उल्लेख करीपर्यंत आणखी वर्ष-दोन वर्षे. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराचा आकडा दोन असणे हे नुकत्याच लावलेल्या रोपाची उंची दोन वीत असण्यासारखे आहे. त्याची तुलना तीस वर्षे नोकरी केलेल्या प्राध्यापकाशी करणे यात काही शहाणपण नाही. वैद्यकात आणि गणितात तुलना करण्यातही नाही. वैद्यकातले पेपर हजारोंनी लोक वाचतात. गणितातला पेपर समजणारे साऱ्या जगात कधी कधी पन्नास निघतात.

आकडा मोठा म्हणजे काम मोठे, असेही दर वेळी नसते. ऑलिव्हर लॉरी या अमेरिकन शास्त्रज्ञाचा १९५१ सालचा एक पेपर आहे. एखाद्या द्रवात प्रथिने किती, हे मोजायची रीत त्यात सांगितली आहे. त्या पेपरचे तीन लाखांहून जास्त उल्लेख झाले. प्रयोगशाळेत जो तो ती रीत वापरायचा आणि लॉरींचे नाव द्यायचा. खुद्द लॉरींनी एका पत्रात मोकळेपणाने लिहिले होते, की हा काही थोर पेपर नव्हे, पण लोक एवढे नाव घेतात याची मनातल्या मनात मजा वाटते. उलट पीटर हिग्ज पाहा. विश्वातल्या कणांना वजन कशामुळे येते, याचा विचार त्यांनी १९६४ साली मांडला, आणि २०१३ साली त्यांना नोबेल मिळाले. मधल्या इतक्या वर्षांत त्यांचे दहासुद्धा पेपर झाले नाहीत. एडिंबरा विद्यापीठात त्यांच्या विभागाकडून विचारणा यायची, यंदाचे पेपर कळवा. हे कळवायचे, काही नाही. आजच्या काळात मला कोणी नोकरीवर ठेवले नसते, असे त्यांनीच नोबेलच्या वेळी वर्तमानपत्राला सांगितले.

आणि आता ती गळून पडलेली खूण. १९९८ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरचा एक पेपर आला. अवघ्या बारा मुलांवरून त्यात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी, असावा असे सुचवले होते. आईबाप घाबरले, लस टाळू लागले, गोवर पुन्हा पसरला. तो पेपर खोटा ठरला आणि २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. पण २०१९ साली झालेल्या एका पाहणीत या पेपरचे १,१५३ उल्लेख सापडले. त्यातले जवळजवळ तीन-चतुर्थांश त्याला खोडून काढणारे होते. मोजणाऱ्या यंत्राला मात्र शिव्या आणि शाबासकी सारखीच. तेही एक, हेही एक.

तू माझे नाव घे, मी तुझे घेतो, असाही बाजार चालतो. २०१९ सालीच काही संशोधकांनी जगभरातल्या बड्या, भरपूर उल्लेख असलेल्या शास्त्रज्ञांची यादी तपासली. तेव्हा अडीचशेहून अधिक जण असे निघाले, की त्यांच्या उल्लेखांपैकी निम्म्याहून जास्त त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सहलेखकांनीच केले होते. पतपेढीत स्वतःच स्वतःला जामीन राहण्यासारखेच हे. हिर्श यांनीही २०२० मध्ये लिहून टाकले, की आपण काढलेल्या आकड्याचे वाईट परिणामही झाले आहेत.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या ज्या मोठ्या सूच्या नोकरीच्या वेळी पाहिल्या जातात, त्यांचा बहुतेक कारभार इंग्रजीत. आपल्या मुलीने ऊसतोड बायकांमध्ये हिंडून, त्यांच्या फडात बसून मराठीत उत्तम प्रबंध लिहिला, त्यातली माहिती गावच्या दवाखान्यापासून तहसीलदारापर्यंत कामाला आली, तरी या सूच्यांत तिच्या नावापुढे शून्य दिसू शकते. त्या शून्याचा अर्थ इतकाच, की मोजणारा त्या रस्त्याने गेलाच नाही.

इथवर उल्लेखांचे झाले. आता सोबत्यांचे. संशोधनात हल्ली एकट्याने फार थोडे काम होते. पॉल एर्डिश नावाचे हंगेरीचे एक गणिती होऊन गेले (१९१३–१९९६). ना घर, ना संसार. एक सूटकेस घेऊन देशोदेशी फिरायचे, मित्राच्या दारात उभे राहायचे, चार दिवस त्याच्यासोबत गणिते सोडवायची की पुढच्या दारात. असे करत त्यांनी दीड हजारांच्या आसपास पेपर लिहिले आणि पाचशेहून अधिक जणांना सहलेखक केले. गणित्यांनी प्रेमाने त्यांच्या नावाचा एक आकडाच काढला. ज्याने एर्डिशबरोबर पेपर लिहिला त्याचा एर्डिश आकडा एक, ज्याने त्या माणसाबरोबर लिहिला त्याचा दोन. आपल्याकडे सोयरिकीत लागतात तशी ही नाती! दुसऱ्या टोकाला २०१५ सालचा भौतिकशास्त्रातला एक पेपर आहे. जिनिव्हाजवळच्या महाकाय यंत्रावर हिग्ज यांच्या कणाचे वस्तुमान मोजले, त्याचा. पेपर एकूण ३३ पानांचा. त्यातली पहिली नऊ पाने विज्ञानाची आणि उरलेली २४ पाने नुसती लेखकांच्या आणि संस्थांच्या नावांची. लेखक ५,१५४! आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही त्या कामात वाटा आहे. इतक्या गर्दीत कोणी काय केले हे कसे ओळखायचे, हा प्रश्न आम्हालाही पडतो. पण सगळ्यांची नावे तरी आली.

न आलेल्या नावाची गोष्ट सांगतो. व्हिव्हियन थॉमस हे अमेरिकेतले काळे गृहस्थ, जन्म १९१०, बाप सुतार. डॉक्टर व्हायचे म्हणून त्यांनी पैसे साठवले होते. १९२९ ची मंदी आली, काम गेले, पुढे बँक बुडाली, साठवलेले सगळे गेले. १९३० साली आल्फ्रेड ब्लॅलॉक या गोऱ्या सर्जनच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस म्हणून लागले. काम संशोधनाचे, पण हुद्दा आणि पगार झाडूवाल्याचा. काही वर्षांतच ते कुत्र्यांवर अशा नाजूक शस्त्रक्रिया करू लागले, की भले भले सर्जन पाहत राहायचे.

१९४१ मध्ये ब्लॅलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात गेले, ते थॉमस यांना सोबत घेऊनच. तिथे पांढरा कोट घालून काळा माणूस व्हरांड्यातून चालला, की लोक वळून बघायचे. त्या इस्पितळात हेलन टॉसिग या बालरोगतज्ज्ञ होत्या. काही बाळे जन्मतःच हृदयाच्या दोषाने निळी पडतात, कारण त्यांच्या रक्ताला फुप्फुसात पुरेसा प्राणवायू मिळत नाही. यावर काही करता येईल का, असे टॉसिगबाईंनी विचारले. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला जोडायची, हा उपाय ठरला. तो करायचा कसा, हे मात्र थॉमस यांनी प्रयोगशाळेत दोनेकशे कुत्र्यांवर करून पाहून बसवले. बाळांच्या रक्तवाहिन्यांना चालतील अशा बारीक सुयाही त्यांनीच तयार केल्या. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली. सव्वा वर्षाची पोर, जेमतेम चार किलो वजनाची. चाकू ब्लॅलॉक यांच्या हातात. आणि त्यांच्या पाठीमागे, खांद्यावरून दिसावे म्हणून स्टुलावर, थॉमस उभे. ब्लॅलॉक विचारत होते, थॉमस सांगत होते.

मे १९४५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये याचा पेपर आला. लेखक दोन, ब्लॅलॉक आणि टॉसिग. जगभर या शस्त्रक्रियेला त्याच दोघांचे नाव पडले. आज कोणत्याही संगणकाला त्या पेपरचे उल्लेख मोजायला सांगा, ते दोघांच्या खात्यात पडतील. थॉमस यांच्या खात्यात शून्य. दरम्यान थॉमस इस्पितळातल्या तरुण सर्जनांना शिकवत होते, आणि पगारात भागेना म्हणून ब्लॅलॉक यांच्या घरच्या पार्ट्यांत दारूचे पेले भरून देत होते. ज्यांना दिवसा शिकवायचे, त्यांचेच पेले रात्री भरायचे. त्याच शिष्यांनी पुढे मोठे झाल्यावर पैसे जमवून १९७१ साली थॉमस यांचे तैलचित्र इस्पितळात लावले. १९७६ मध्ये विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. आता डॉक्टर मंडळी त्या शस्त्रक्रियेला ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग शंट असे म्हणू लागली आहेत. १९८५ साली वारलेल्या थॉमस यांना हे नाव ऐकायला मिळाले नाही.

ही गोष्ट आम्ही एवढी लांबवली, कारण आपल्यातली कितीतरी मुले आज प्रकल्प सहाय्यक म्हणून काम करतात. घरोघर फिरून फॉर्म भरतात, नमुने गोळा करतात, रात्री जागून तक्ते बनवतात. पेपरवर नाव येईल का, हे विचारायचे धाडस होत नाही. ते विचारावे, आणि काम सुरू होण्याआधीच विचारावे. नम्रपणे, पण स्पष्ट. सर, यात माझे नाव कितवे असेल? प्रयोगशाळेच्या शास्त्रांत बहुधा पहिले नाव ज्याने सर्वांत जास्त काम केले त्याचे आणि शेवटचे प्रमुखाचे असते. गणितात आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावतात. नुसता विभागप्रमुख आहे किंवा पैसा मिळवून दिला, एवढ्यावर कोणी लेखक होत नाही, असा वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. केलेल्या कामाची तारीखवार वही ठेवावी. भांडण लागल्यावर तोंडी गोष्टींना किंमत नसते, हे युनियनमध्ये काम केलेल्या बापाला आम्ही सांगायची गरज नाही.

गाइड निवडतानाही घरच्यांनी थोडे डोकवावे. गूगल स्कॉलर मोबाइलवर फुकट उघडते. त्यावर प्राध्यापकांचे नाव इंग्रजीत टाकले, की पेपर दिसतात. त्यांचा एच-इंडेक्स किती, हे पाहू नका. त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे पेपरवर आहेत का, आणि पहिल्या जागी कधी येतात का, ते पाहा.

दुसरी गोष्ट पैशाची. "दहा हजार भरा, आठ दिवसांत पेपर छापून देतो," असे निरोप मोबाइलवर येतात आणि आईबाप भिशी उचलून पैसे भरतात. हा धंदा फोफावला तो विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या कामाला गुण देणे सुरू केल्यावर. पेपर छापला की गुण, मग छापून देणारी दुकानेही निघाली. आयोगाच्या स्वतःच्या मान्य यादीतसुद्धा ती इतकी घुसली, की २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके यादीतून काढावी लागली. मग 'केअर' नावाची नवी यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता जर्नल बरे की वाईट हे विद्यापीठांनीच ठरवायचे आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापलाच पाहिजे, ही आयोगाची सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. एखादे विद्यापीठ स्वतःचा नियम ठेवू शकते, तेव्हा तिथल्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे आणि मगच खिशात हात घालावा. जाणकारांनी तपासल्याशिवाय आठ दिवसांत छापणारे जर्नल हे जर्नल नव्हे, छापखाना आहे.

शेवटी एक लहानशी, पण आपल्या घरांत हमखास नडणारी अडचण. कांबळे, गायकवाड, जाधव, मोरे ही आडनावे आपल्यात किती! एस. कांबळे नावाने पेपर शोधा, ढिगाने सापडतील. एकाचे उल्लेख दुसऱ्याच्या नावावर पडतात. इंग्रजीत आडनाव एकदा असे, एकदा तसे लिहिले, की एकाच माणसाची यंत्राला दोन माणसे वाटतात. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलले, की तिचे माहेरचे पेपर एकीकडे आणि सासरचे दुसरीकडे. त्यावर उपाय ऑर्किड क्रमांकाचा आहे. २०१२ पासून संशोधकांना हा सोळा आकड्यांचा क्रमांक मिळतो, आणि नाव कितीही बदलले तरी तो जन्मभर एकच राहतो. पहिला पेपर पाठवायच्या आधीच काढून घ्यावा. इंटरनेटवर दहा मिनिटांचे काम आहे आणि त्याला एक रुपयाही पडत नाही.